सोळा कार्बनांचा चिमटा

बडोद्यात जानेवारीच्या सकाळी तुपाच्या बरणीत चमचा सहज जात नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात आत्या ती बरणी शेगडीपासून हातभर अंतरावर आणून ठेवते, आणि स्वयंपाक होईतो कडेचे तूप सैल होऊन मधला रवाळ गोळा त्यात हलू लागतो. आत्याचे वय ७८ आहे, रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे आणि तूप बेताने खावे अशी डॉक्टरांची सूचना आहे. मी निवृत्त होईपर्यंत जीवरसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे घरातल्या अशा शंका माझ्याकडेच येतात. यंदा उत्तरायणाच्या आदल्या दिवशी तिळाचे लाडू वळता वळता तिने विचारले, "अगं, मेदानं रक्तवाहिन्या बुजतात म्हणतात. आणि तू परवा फोनवर सांगत होतीस की रक्तवाहिनी मोकळी ठेवणाऱ्या विकराला मेदच लागतो. यातलं खरं काय धरायचं?"

दोन्ही खरे आहे. पण दुसऱ्या विधानाला थोडी पार्श्वभूमी लागते आणि ती लाडू वळून होईपर्यंत सांगून संपण्यासारखी नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. एन्झाइमला मी विकर म्हणणार आहे, कारण शाळेच्या पुस्तकांतून तो शब्द रुळलेला आहे. ज्या गावात १८९० साली कलाभवन सुरू झाले आणि तंत्रशिक्षण स्वभाषेतून देण्याचा आग्रह धरला गेला, त्या गावात राहून रसायनशास्त्र मराठीत सांगायला संकोच वाटण्याचे मला कारण दिसत नाही.

विकर हे बहुधा एक प्रथिन असते, आणि शरीरातली एखादी विशिष्ट रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणे हे त्याचे काम असते. शिकवताना आपण विकराचा आकार, त्यातली क्रियेची जागा, तिथे नेमका बसणारा रेणू एवढ्यावर भर देतो आणि एक गोष्ट निसटते. पेशी म्हणजे परीक्षानळी नव्हे. पेशीत जागा ठरलेल्या असतात, आणि योग्य विकर चुकीच्या जागी असेल तर ते शाबूत असूनही त्याचा उपयोग होत नाही. मानवी पेशी हजारो प्रथिनांच्या बाबतीत ही जागा ठरवण्यासाठी मेदाम्लाचा, म्हणजे तेला-तुपाचा घटक असलेल्या लांब कार्बन-साखळीच्या आम्लाचा, वापर करते.

पेशीभोवतीचे पटल चार ते पाच नॅनोमीटर जाडीचे असते. ते मेदरेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. या रेणूंची पाण्याशी जमणारी डोकी बाहेरच्या बाजूंना आणि तेलकट शेपट्या आतल्या बाजूला असतात. पाण्यात विरघळणारे प्रथिन या तेलकट गाभ्यात आपणहून शिरत नाही. पण त्याच प्रथिनाला कार्बनांची एक लांब तेलकट साखळी जोडली, तर त्या साखळीला पाण्यात राहणे परवडत नाही. ती पटलात रुतते आणि प्रथिनाला पटलाच्या आतल्या पृष्ठभागाशी धरून ठेवते.

या कामासाठी पेशी मुख्यतः दोन मेदाम्ले वापरते आणि दोघांचीही घरच्या फडताळाशी ओळख आहे. पहिले मिरिस्टिक आम्ल, चौदा कार्बनांचे. जायफळाच्या वनस्पतिशास्त्रीय नावावरून, मिरिस्टिकावरून, त्याचे नाव पडले. १८४१ साली लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने ते जायफळाच्या घट्ट मेदातून वेगळे केले. श्रीखंडासाठी जायफळ किसताना बोटांना जो ओशटपणा लागतो, त्यात या आम्लाचा मोठा वाटा असतो. दुसरे पामिटिक आम्ल, सोळा कार्बनांचे. त्याचे नाव पाम तेलावरून आलेले आहे, पण तुपातल्या मेदाम्लांतही त्याचा वाटा पाव हिश्शाच्या वर असतो. सुटे, शुद्ध पामिटिक आम्ल ६३ अंश सेल्सिअसला वितळते. त्याची साखळी सरळ असते, तिला कुठे बाक नसतो, त्यामुळे अशा साखळ्या काड्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. आत्याच्या बरणीतला रवा असाच तयार होतो: सरळ साखळ्यांचे मेद आधी एकत्र येऊन थिजतात आणि बाक असलेल्या साखळ्यांचे मेद भोवती पातळ राहतात. पेशीपटल थिजत नाही, पण त्याच्यातही कोलेस्टेरॉल आणि सरळ साखळ्यांनी दाटलेले भाग आणि त्यांच्याभोवतीचे सैल भाग असा फरक आढळतो. पामिटिक साखळी जोडलेली प्रथिने पुष्कळदा त्या दाट भागांकडे ओढली जातात. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दोन्ही मेदाम्ले प्रथिनाला जोडण्याच्या तऱ्हा मात्र अगदी निराळ्या आहेत. मिरिस्टिक आम्ल प्रथिनाच्या आरंभीच्या टोकाला जोडले जाते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या दुव्यांची साखळी. ती रायबोसोम या पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावर तयार होत असतानाच तिचे पहिले अमिनो आम्ल, मेथिओनिन, कापले जाते, आणि त्यामागे ग्लायसिन असेल व पुढचा क्रम अनुकूल असेल, तर त्या ग्लायसिनला मिरिस्टिक आम्ल बसवले जाते. हे काम करणारी विकरे माणसात दोन आहेत. हा बंध अमाइड जातीचा आणि पक्का असतो; एकदा बसला की प्रथिनाच्या आयुष्यभर तो सहसा सुटत नाही. १९८२ साली गाईबैलांच्या हृदयाच्या स्नायूतील एका विकराचे टोक नेहमीच्या पद्धतीने वाचता येईना, तेव्हा ते टोक मिरिस्टिक आम्लाने झाकलेले आहे असे उघड झाले.

पामिटिक आम्ल बहुतेक वेळा सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला जोडले जाते. या बंधाला थायोएस्टर म्हणतात, आणि तो सोडवता येतो. सगळ्या विषयाचा जीव या एका गुणात आहे असे मी मानते. मिरिस्टिक आम्ल जन्मखुणेसारखे कायमचे असते. पामिटिक आम्ल पेशी गरजेप्रमाणे लावते, काढते आणि पुन्हा लावते. प्रथिनांना अशा तऱ्हेने मेदाम्ल जोडलेले असते याचा स्पष्ट पुरावा १९७९ साली मायकेल श्मिट आणि मिल्टन श्लेसिंगर यांनी सिंडबिस विषाणूच्या प्रथिनांवर काम करताना मिळवला.

मग दोन मेदाम्ले कशाला, एकाने भागत नाही का? बडोद्याच्या गच्चीवर जानेवारीत पतंगाचा वारा सुटलेला असताना दोरीवर ओढणी वाळत घालून पाहावी. एक चिमटा लावला तर ती लटकते, पण फडफडत एका टोकाकडे सरकते आणि थोड्या वेळाने खालच्या अंगणात सापडते. दुसरा चिमटा लावला की मात्र ती संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही. चौदा कार्बनांची एकटी साखळी प्रथिनाला पटलाशी असेच दुबळेपणाने धरते. काही सेकंदांत किंवा मिनिटांत प्रथिन सुटते, पेशीद्रव्यात भटकते, पुन्हा कुठल्या तरी पटलाला टेकते. या भटकंतीत ते जेव्हा पामिटिक आम्ल बसवणारे विकर असलेल्या पटलापाशी पोचते, तेव्हा त्याला दुसरा चिमटा लागतो आणि तिथून ते तासन्‌तास हलत नाही. म्हणजे पहिला चिमटा प्रथिनाला पटलांची ओळख करून देतो, आणि दुसरा कुठे लागला यावर त्याचा मुक्काम ठरतो.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला पेशींचे एकपदरी अस्तर असते. या पेशींत एक विकर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात तो शेजारच्या स्नायुपेशींत शिरतो, स्नायू सैल पडतात, रक्तवाहिनी रुंदावते आणि दाब उतरतो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी हाच वायू शरीराला बाहेरून पुरवते. या वायूच्या कामगिरीच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या विकराला ई-नॉस म्हणतात. त्याची साखळी १,२०३ अमिनो आम्लांची आहे आणि तिच्यात पटलाच्या आरपार जाईल असा एकही भाग नाही. तरीही पेशीतले बरेचसे ई-नॉस पटलाला धरून असते, ते तीन मेदाम्लांच्या जोरावर: दुसऱ्या क्रमांकावरच्या ग्लायसिनला मिरिस्टिक आम्ल, आणि पंधराव्या व सव्विसाव्या क्रमांकांवरच्या सिस्टीनांना पामिटिक आम्ल. क्रमही ठरलेला आहे. संशोधकांनी दुसऱ्या क्रमांकाचे ग्लायसिन बदलून टाकले, तेव्हा मिरिस्टिक आम्ल तर बसले नाहीच, पण पुढची दोन पामिटिक आम्लेही बसली नाहीत. पहिल्या चिमट्याशिवाय विकर पटलापर्यंत पोचलेच नाही.

या प्रयोगाचा पुढचा भाग विद्यार्थ्यांना सांगताना मी नेहमी जरा थांबत असे. मेदाम्ल नसलेले हे विकर पेशी फोडून बाहेर काढले आणि आर्जिनिन व इतर आवश्यक घटक देऊन परीक्षानळीत तपासले, तर ते मूळ विकराइतकेच काम करते. त्याची घडी बिघडलेली नसते, क्रियेची जागा शाबूत असते. पण तेच विकर जिवंत पेशीत असते तेव्हा पेशीतून बाहेर पडणारे नायट्रिक ऑक्साइड कमी भरते. विकरात दोष नाही, ते फक्त भलत्या जागी आहे.

ही जागा इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर पटलाच्या रचनेत आहे. दुहेरी पामिटिक आम्लामुळे ई-नॉस पटलावरच्या कॅव्हिओली नावाच्या खळग्यांत जमते. हे खळगे ५० ते १०० नॅनोमीटर रुंदीचे असतात आणि त्यांचे पटल वर सांगितलेल्या दाट, कोलेस्टेरॉलयुक्त प्रकारचे असते. तिथे कॅव्हिओलिन नावाचे प्रथिन ई-नॉसला धरून त्याचे काम थोपवून ठेवते. रक्ताच्या प्रवाहाचा ताण किंवा एखादे संप्रेरक यांमुळे पेशीत कॅल्शियम वाढले की कॅल्शियम धरलेले कॅल्मोड्युलिन नावाचे प्रथिन येऊन कॅव्हिओलिनला बाजूला सारते आणि विकर चालू होते. इशारा पटलावर येतो, कॅल्शियम तिथेच वाढते, तयार होणारा वायूही तिथूनच बाहेर पडायचा असतो. म्हणून विकरही तिथेच असावे लागते. पेशीच्या मध्यभागी तरंगणाऱ्या विकराला यातले काहीच हाताशी मिळत नाही. काही इशारे ई-नॉसवरचे पामिटिक आम्ल काढण्याचा वेगही वाढवतात, त्यामुळे चालू झालेले विकर पटलावरून सुटून आत येते आणि त्याला पुन्हा मेदाम्ल लावून जागेवर पाठवावे लागते.

पामिटिक आम्ल लावणाऱ्या विकरांची ओळख बरीच उशिरा, २००२ साली पटली, आणि तीही आधी यीस्टमध्ये. माणसात अशी २३ विकरे आहेत. प्रत्येकात अ‍ॅस्पार्टेट, हिस्टिडिन, हिस्टिडिन, सिस्टीन अशी चौकडी एका ओळीत येते, म्हणून त्या अमिनो आम्लांच्या एकाक्षरी इंग्रजी खुणांवरून या कुळाला डी-एच-एच-सी म्हणतात. ही विकरे स्वतःही पटलातच वसलेली असतात, आणि दुसऱ्याला मेदाम्ल लावण्याआधी ते स्वतःच्या सिस्टीनला लावून घेतात. २०१८ साली या कुळातल्या विसाव्या क्रमांकाच्या मानवी विकराची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. पटलाच्या आरपार जाणारे त्याचे चार दंड वरच्या टोकाला जवळ येऊन तंबूसारखी पोकळी करतात आणि पामिटिक साखळी त्या पोकळीत शिरून बसते. पोकळीच्या टोकाशी कोणती अमिनो आम्ले आहेत, यावर किती लांबीची साखळी आत मावेल हे ठरते. विकर लांबी मोजते ते असे, जागेच्या मापाने.

काढून टाकणारी विकरे वेगळी आहेत, आणि लावणे-काढणे यांचा मेळ किती बारकाईचा आहे हे रास नावाच्या प्रथिनांत दिसते. रास जीटीपी या रेणूचे विघटन करणारे छोटे विकर आहे आणि पेशीला वाढीचा इशारा देणारी कळ म्हणून ते काम करते. अनेक कर्करोगांत ती कळ चालू स्थितीत अडकलेली असते. एच-रास आणि एन-रास या दोन भावंडांना शेवटाजवळ फार्नेसिल नावाची पंधरा कार्बनांची साखळी कायमची जोडलेली असते. ती मेदाम्ल नव्हे, पण पहिल्या, दुबळ्या चिमट्याचे काम करते. त्यावर पामिटिक आम्ल लागते ते मुख्यतः गॉल्जी पिंडात, म्हणजे प्रथिने ठरल्या जागी पाठवणाऱ्या पेशीतल्या पटलांच्या चवडीत, आणि तिथून रास पेशीपटलाकडे रवाना होते. पेशीपटलावरून ते हळूहळू इतर पटलांवरही पसरू लागते. पेशीत सर्वत्र असलेली काढणारी विकरे मेदाम्ल काढून घेतात, रास सुटते, भटकते, गॉल्जीत पुन्हा पकडले जाते आणि पुन्हा पेशीपटलावर पोचते. २००५ साली या फेऱ्यांचे चित्र स्पष्ट झाले. वाट चुकलेल्या प्रत्येक रेणूला परत आणणारी ही व्यवस्था थांबली, तर रास पेशीतल्या साऱ्या पटलांवर सारखेच पसरेल. के-रासच्या मुख्य रूपाने मात्र वेगळी युक्ती साधली आहे: त्याला पामिटिक आम्ल लागत नाही, त्याऐवजी धन विद्युतभाराच्या लायसिनांची रांग पटलाच्या ऋणभारित पृष्ठभागाला धरून राहते.

मेदाम्ल विकराला फक्त बांधून ठेवते असेही नाही. एबल नावाच्या विकराच्या एका रूपात मिरिस्टिक साखळी पटलात न जाता वळून त्याच विकराच्या पोटातल्या एका खाचेत शिरते, आणि तिथे बसून विकराची घडी बंद स्थितीत आवळून धरते. २००३ साली ही रचना दिसली आणि एका जुन्या प्रश्नाचा उलगडा होण्यास मोठी मदत झाली. दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात नववे आणि बाविसावे गुणसूत्र यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि एबलच्या आरंभी बीसीआर नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाचा भाग जोडला जातो. त्यामुळे मिरिस्टिक आम्ल जिथे बसायचे ते टोकच उरत नाही. आतून लागणारी कडी नाहीशी झालेली, शिवाय बीसीआरचा भाग अशा रेणूंना एकत्र आणून चेतवतो; मग विकर अखंड चालू राहते. २००१ साली आलेले इमॅटिनिब हे औषध विकराच्या क्रियेची जागाच अडवते आणि त्याने या आजाराचे स्वरूप बदलून टाकले. अ‍ॅसिमिनिब हे औषध मात्र त्या रिकाम्या राहिलेल्या मिरिस्टिक खाचेत जाऊन बसते. अमेरिकेत त्याला २०२१ साली मान्यता मिळाली. हरवलेल्या चौदा कार्बनांच्या जागी रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेला रेणू बसतो आणि विकर पुन्हा मिटते. इतक्या वर्षांत हा विषय वाचताना मला इतका आनंद क्वचितच झाला आहे.

मेदाम्ल काढता न आल्याने काय होते, याचे उत्तर वेदनादायक आहे. लायसोसोम या पेशीतल्या विघटनकेंद्रात जुन्या प्रथिनांचे तुकडे होतात आणि त्यांना चिकटलेले पामिटिक आम्ल पीपीटी-१ नावाचे विकर सोडवते. या विकराचा जनुक १९९५ साली एका आनुवंशिक बालरोगाशी जोडला गेला. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आला, तर जन्मतः निरोगी दिसणाऱ्या बाळाची वाढ पहिल्या-दुसऱ्या वर्षात खुंटू लागते, दृष्टी जाते, झटके येतात, कारण न सुटलेले अवशेष साचत जाऊन मेंदूच्या पेशी मरतात. एक गंधक आणि एक कार्बन यांच्यातला बंध सोडणारे एकच विकर निकामी झाल्याचा हा परिणाम आहे.

हे सगळे ऐकल्यावर आत्याने विचारायचे ते विचारलेच: "मग तूप खाल्लं तर ते तुझं विकर जागेवर बसेल की नाही?" तसा सरळ हिशेब नाही. पेशी मेदाम्ल रक्तातून घेते हे खरे, पण ती ते स्वतःही बनवते. मेदाम्ल रचणारे तिचे विकर दोन-दोन कार्बन जोडत जाते आणि मुख्यतः सोळांवर थांबते, म्हणजे त्यातून निघते ते पामिटिक आम्लच. उंदरांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून हे रचणारे विकर काढून टाकले, तेव्हा त्यांच्या ई-नॉसवरचे पामिटिक आम्ल घटले आणि पटलावरचे ई-नॉसही कमी झाले. बाहेरून येणाऱ्या मेदाने ती उणीव भरून निघाली नाही; पेशीने जागच्या जागी बनवलेल्या मेदाम्लाची गरज राहिलीच. उलट रक्तात संपृक्त, म्हणजे पामिटिकसारख्या सरळ साखळीच्या, मेदाम्लांचा भार वाढला तर अस्तराच्या पेशींचे नुकसान होते, त्यामुळे डॉक्टरांचे "बेताने" हे तिला पाळायचेच आहे.

हे दोन-दोन कार्बन पुष्कळदा साखरेच्या विघटनातून येतात आणि साखर पिष्टातून. आत्या रात्री भाकरीचा अर्धा तुकडा दुधात कुस्करून खाते. तिच्या एखाद्या धमनीच्या अस्तरात, पंधराव्या क्रमांकाच्या सिस्टीनवर आज बसलेला चिमटा त्या भाकरीतल्या कार्बनांचाही असू शकतो, असे मी तिला सांगितले. तिने बरणीचे झाकण लावले आणि ती पुन्हा फडताळात ठेवली.